घुबड आणि ड्रॅगन एकदम मेले तर?

"नियमांत मला हरवून दाखवा!" असं वकिलीण अख्ख्या वर्गाला सांगून बसली होती. वर्गाने तिला हे नाव उगाच नव्हतं ठेवलं! घंटा वेळेवर झाली की नाही यावर ती शिपाईकाकांशीसुद्धा भांडायची, आणि जिंकायची!

आज पाच वाजता खेळण्यांच्या दुकानात कार्डांच्या स्पर्धेची फायनल होती. हरणाऱ्याने आपलं एक कार्ड जिंकणाऱ्याला द्यायचं, आणि कोणतं ते निवडणार जिंकणारा! म्हणजे हरली तर चकाकणारा ड्रॅगन गेलाच. त्या ड्रॅगनसाठी तिने आपले स्केट्स देऊन टाकले होते हो!

पण घाबरतंय कोण? तिच्याकडे घुबडाचं कार्ड होतं. समोरचीने हल्ला केला की घुबड आणि ड्रॅगन दोघंही मरणार आणि घुबड जाता जाता ड्रॅगनला परत आणणार. बस्स! पण चहाच्या वेळी तिने घुबडावरचा मजकूर पुन्हा एकदा वाचला आणि बिस्किट तोंडातच राहिलं.

'हे कार्ड मैदानाबाहेर गेल्यास, त्याच फेरीत बाहेर गेलेलं दुसरं कार्ड, त्याच्या जाण्याला हे कार्ड कारणीभूत नसल्यास व हे कार्ड जाण्यापूर्वी ते गेलेलं असल्यास, परत आणता येईल.'

ती उठली. बसली. पुन्हा उठली. टेबलाभोवती घिरट्या घालायला लागली.

"आई, दोघं एकदम मेले तर?"

"कोण मेलं?" आई दचकली.

"घुबड आणि ड्रॅगन!"

आई विमा कंपनीत क्लेम तपासते. बारीक अक्षर दिसलं की तिला उपाशी मांजराला दूध दिसल्यासारखं होतं. "आण इकडे! हं... अपघात एक, मृत्यू दोन. आधी कोण गेलं, पुरावा काय?"

"पुरावा कुठून आणू? कार्ड आहे ते!"

"मग क्लेम नामंजूर."

"असं कसं नामंजूर?" बाबांनी कप खाली ठेवला. बाबांचं औषधांचं दुकान. "मी डॉक्टरांचं अक्षर वाचतो, हे तर छापील आहे! दोन गोळ्या एकदम गिळल्या तरी घशातून एक आधी जातेच ना?"

"अहो, घशाचा इथे काय संबंध?"

"थांब, करूनच दाखवतो!"

"बाबा, लवकर! साडेचार वाजले!"

बाबांनी ड्रॅगन त्याच्या प्लॅस्टिकच्या पाकिटातून बाहेर काढला, घुबड त्याच्या शेजारी ठेवलं आणि साखरेचा डबा शत्रू म्हणून उचलला. "हा बघ, शत्रू आला!" शत्रू आला तो बाबांचं कोपर घेऊनच! ड्रॅगन उडाला आणि सरळ बाबांच्या चहात!

"बाबाऽऽ!"

"बघा!" आई टाळी वाजवून म्हणाली. "आधी ड्रॅगन गेला. घुबड अजून टेबलावर आहे. क्लेम मंजूर!"

पुसलं, फुंकलं, वर रुमाल ठेवून इस्त्री फिरवली. ड्रॅगन सुकला खरा, पण दोन्ही कडा वर करून होडीसारखा बसला. गाडीत वकिलीण त्याच्यावर बसून गेली, तरी होडी ती होडीच!

फायनलला समोर होती दोन इयत्ता लहान एक चष्मेवाली. नखं खात बसलेली, अगदी गरीब गाय! पंच होते दुकानदारकाका. त्यांनी खेळाआधी वकिलिणीचा कार्डांचा गठ्ठा हातात घेतला. गठ्ठा डुगडुगला.

"यातलं एक कार्ड पाठीवरूनच ओळखू येतंय," ते म्हणाले. "असं कार्ड चालत नाही. बाद!"

"पण..." वकिलिणीने गठ्ठा ओढून घेऊन उलटसुलट पाहिला. या नियमात भांडायला कुठे फटच नव्हती! पहिलीतल्या मुलालाही कळेल असा नियम!

"अपिलाची सोय आहे का?" मागून आई.

"जरा दाबून ठेवलं तर?" बाबा.

"बाद म्हणजे बाद!"

ड्रॅगन टेबलाच्या कोपऱ्यावर जाऊन बसला. घुबड मैदानात आलं, मेलं, पण परत आणणार कोणाला? गरीब गायीने वकिलिणीला असं धुतलं, असं धुतलं, की काकांना तिच्यासाठी पाणी मागवावं लागलं!

आता निवड. चष्मेवालीचा हात सगळ्या कार्डांवरून फिरत फिरत नेमका ड्रॅगनवर थांबला. चष्मेवालीने ड्रॅगन उचलला. उलटा केला. नाकाशी नेला.

"याला चहाचा वास येतो."

"आल्याचा आहे," बाबा अभिमानाने म्हणाले.

चष्मेवालीने ड्रॅगन हळूच खाली ठेवला आणि दोन बोटं फ्रॉकला पुसली. "मला हे घुबड द्या. गोड आहे!"

वकिलिणीने ड्रॅगनवर अशी झडप घातली की तो पुन्हा एकदा वाकला. तेवढ्यात चष्मेवालीने घुबड डोळ्यांजवळ धरलं.

"ताई, पण यावर लिहिलंय त्याचा अर्थ काय गं?"

वकिलिणीने मागे पाहिलं. आई पर्समधून चष्मा काढत होती. बाबा बसायला खुर्ची ओढत होते.

"काही नाही! नुसतं चित्र आहे ते!" असं ओरडून वकिलिणीने दोघांच्या दंडाला धरलं आणि त्यांना दुकानाबाहेर ओढत नेलं.