कोण राहिलं?

आई उकळतं पाणी आणायला स्टेशनवर उतरली आणि गाडी सुटली. हेलेना तेव्हा पाच वर्षांची. दुसऱ्या महायुद्धात रशियन शिपाई पोलंडमधली कुटुंबं मालगाडीत कोंबून सैबेरियाला हाकलत होते, त्यातलंच हे एक. बापाला आधीच धरून नेलं होतं. आई पुन्हा दिसली नाही.

आता हेलेना नव्वदीची आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या गावात म्हाताऱ्यांसाठी एक बस होती. हिनंच दारोदार सह्या गोळा करून ती सुरू करवली आणि हिनंच तिला रोज उशीर केला. बाजारातून परत निघताना ही एक पाय पायरीवर ठेवून उभी. काठीनं डोकी मोजायची. "कोण राहिलं?" ड्रायव्हर माईक कपाळाला हात लावायचा. एकदा एक डोकं कमी भरलं. यादीतला एक म्हातारा मागच्याच आठवड्यात वारला होता.

"अहो बाई, तो मेला," मी म्हटलं.

"मेला म्हंजे? सांगून गेला काय?"

हे मराठी आमच्याकडचंच. सैबेरियातून सुटलेल्या पोलिश पोरांना कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत ठेवलं होतं. मीही त्याच भागातली. चौथी शिकलेली, म्हातारपणी लेकाकडे येऊन पडलेली. छावणीत दूध घालणाऱ्या बाईनं हिला सांगितलं, निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं. तेव्हापासून 'जातो' ही हिला शिवी वाटते. माझी पुण्याची सून एकदा म्हणाली, "चला काकू, मी जाते." हिनं काठी उगारली.

"येतो म्हण!"

"काकू, बाईनं येते म्हणायचं असतं."

"तू गप," मी सुनेला म्हटलं. "आमच्याकडं बायका येतोच म्हणतात."

या वर्षी बस कॅन्सल करायचं ठरलं. आम्हाला कुणालाच ड्राइव्ह करता येत नाही. बस गेली की घराच्या चार भिंती. हेलेना गावच्या कचेरीत मीटिंगला जाऊन तीन तास बसली. तिथला साहेब म्हणाला, "मॅम, तुमच्यामुळेच ती रोज लेट होते."

"लेट होते," ही म्हणाली, "पण सगळे घरी येतात."

साहेबानं मान डोलावली आणि बस बंद केली.

शेवटच्या दिवशी माईकनं आम्हाला उतरवलं, हिनं शिकवलेलं "येतो" म्हटलं आणि रिकामी बस घेऊन गेला. ही थांब्यावरून हालेचना.

"चला हेलेनाबाई. आता कुणाची वाट बघताय?"

"तवा मी मोजलं न्हाई," ती म्हणाली. "गाडी सुटली तवा. मोजलं असतं तर वरडलो असतो."

"पाच वर्षांच्या पोरीनं काय मोजायचं?"

"पाचपत्तोर येत हुतं मला."

त्या गर्दीच्या डब्यात हिच्या घरची आई आणि तीन लेकरं, चौघंच होती. त्यातली जगली एकटी हेलेना.