अनुस्वारकाका गेले

अनुस्वारकाकांनी वर्षभराच्या प्रवासाला निघायचं ठरवलं, तेव्हा त्यांना वाटलं होतं की अवघड असेल ते निघणं. प्रत्यक्षात अवघड गेलं ते निघाल्याचं नीट शब्दांत सांगणं. आणि हे व्हावं कोणाच्या बाबतीत, तर ज्या माणसाने छापखान्यात बसून हयातभर दुसऱ्यांची वाक्यं तपासली त्याच्या. बुटके, गोल आणि सदैव कोणाच्या तरी डोक्यावर बसलेले, म्हणून छापखान्याने त्यांना अनुस्वार हे नाव ठेवलं होतं. (काकांनी तक्रार केली नाही. नाव शुद्ध लिहिताहेत ना, तेवढं फक्त पाहून घेतलं.)

काकू गेल्यापासून घरातल्या दुसऱ्या खुर्चीवर रद्दी बसायची. बोलायला रेडिओ होता, पण तो उलट उत्तर देत नसे, आणि इतक्या वर्षांच्या संसारानंतर काकांना उलट उत्तराशिवाय बोलल्यासारखंच वाटत नसे. कधीकधी संध्याकाळी त्यांच्या लक्षात यायचं, की आज आपण अख्ख्या दिवसात दूधवाल्याला 'अर्धा लिटर' एवढंच म्हणालो. तेव्हा फार एकटं वाटायचं. मग हवामानाच्या बातम्यांत लांबलांबच्या गावांची नावं आली की ते कान देऊन ऐकायचे. त्या गावांत जावं, भाड्याची खोली घ्यावी, कंटाळा येईपर्यंत राहावं आणि पुढचं गाव गाठावं, असं त्यांच्या मनाने घेतलं.

मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. ती म्हणाली, "या वयात, बाबा?" डॉक्टरही म्हणाले, "या वयात?" औषधांच्या दुकानदाराला तर कोणी विचारलंही नव्हतं, तरी तोही तेच म्हणाला. वाक्य सगळ्यांचं अर्धवट, क्रियापद एकानेही दिलं नाही. काकांचा अशा वाक्यांवर मुळीच विश्वास नव्हता. पण रात्री गुडघे दुखले की तेच वाक्य त्यांना आठवायचं, आणि आता नाही निघालो तर आपणही तेच म्हणायला लागू, याची त्यांना धास्ती बसली.

म्हणून एका सकाळी कोणाला न कळवता त्यांनी बॅग उचलली. समोरच्या दारात शिवणवाल्या बाई मशिनीवर होत्या. त्यांच्या तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे बाईंचं बोलणं एका वेळी दोन-तीन शब्दांपलीकडे जात नसे. काका दारातूनच म्हणाले, "कोणी विचारलं तर सांगा, मी गेलो. आणि झाडांना पाणी घाला." बाईंनी मान हलवली.

बसचा पहिला थांबा आला. काका उतरले, कारण या वयात (आलं का पुन्हा) जिथे सोय दिसेल तिथे उतरावं लागतं. स्वच्छतागृहाची रांग मोठी होती, गुडघे हळू होते. बाहेर येऊन पाहतात तो बस पसार. बॅग, बॅगेतला फोन, गोळ्या आणि स्वेटर असं सगळं लांबच्या प्रवासाला निघून गेलं होतं. बॅगेला कोणी वय विचारलं नव्हतं. काका परत निघाले ते भाजीच्या टेम्पोत, फ्लॉवरच्या दोन पोत्यांमध्ये बसून, आणि वाटभर स्वतःवर चिडत.

इकडे मुलीने फोन लावला, उचलला गेला नाही. म्हणून तिने शिवणवाल्या बाईंना लावला.

"बाबा आहेत का?"

"गेले."

मुलीने हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, "कधी?"

"सकाळी."

"त्रास झाला का काही?"

"गुडघे फक्त."

"आणि... शेवटचं काही बोलले?"

"झाडांना पाणी घाला."

एवढं सांगून बाई बटणं आणायला बाजारात निघून गेल्या. एक शब्द खोटा नव्हता. मुलगी रडत जिना चढली, जवळच्या किल्लीने दार उघडलं आणि बिल्डिंग गोळा झाली. काकांना दवाखान्यातून आणायचं असेल, असं सगळ्यांनी धरलं; कुठल्या, ते सांगायला बाई नव्हत्या.

दुपारी काका जिना चढून आले, तर दार उघडं आणि घर माणसांनी भरलेलं. खोटं कशाला बोला, त्यांना आधी आनंदच झाला. रद्दीची खुर्चीसुद्धा मोकळी करून तिच्यावर कोणीतरी बसलं होतं. दाराजवळच्या गृहस्थाने हळूच सांगितलं, "मागे जागा आहे, बसा." काका बसले. शेजाऱ्याला विचारलं, "कोण गेलं?"

"इथले काका. चांगले होते म्हणतात."

"तुमची ओळख होती?"

"नाही हो. मी वरच राहतो."

काकांना त्या गेलेल्या माणसाबद्दल फार वाईट वाटलं. आपणच ते, हे ध्यानात येईपर्यंत मुलगी पाण्याचे ग्लास घेऊन आतून आली, आणि ट्रे खाली पडला.

मग मिठी, रडणं, ओरडा, सगळं रीतसर झालं. लोकांना हायसं वाटलं, पण थोड्याच वेळात जो तो अवघडला. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेल्या एकाने तर घड्याळाकडे असं पाहिलं, की काकांनी त्याची माफीच मागितली. ज्याने त्याने आपापली खुर्ची उचलली. काकांच्या खालचीही नेली. संध्याकाळपर्यंत घर होतं तसं झालं.

मुलगी मात्र थांबली. जमिनीवरच्या काचा वेचता वेचता म्हणाली, "बाबा, सगळ्या वाटेत मला एकच आठवत होतं. मी तुम्हाला शेवटचं काय म्हणाले, तर 'या वयात'. जा तुम्ही. पण मला सांगून जा."

दुसऱ्या दिवशी बस डेपोतून मुलीला फोन आला. बॅग सुखरूप होती, पार शेवटच्या गावी. ज्याची असेल त्याने स्वतः येऊन घेऊन जावी, असं ते म्हणाले. मुलीने नव्या गोळ्या दिल्या, रोज संध्याकाळी फोन करायचं वचन घेतलं आणि ती कामावर परतली.

या खेपेला काकांनी गडबड होऊ दिली नाही. जिन्यातलं एकेक दार वाजवून त्यांनी, 'मी उद्या सकाळी वर्षभराच्या प्रवासाला निघणार आहे,' असं कर्त्या-क्रियापदासकट सांगितलं. वरच्या गृहस्थालासुद्धा. सकाळी दार ओढून घेतलं आणि निरोप द्यायला कोणी येईल म्हणून जिन्यात बराच वेळ उभे राहिले, बुटाची नाडी दोनदा सोडून दोनदा बांधली. कोणी आलं नाही. अखेर शिवणवाल्या बाई आल्या. त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या आणि त्या पहिल्यांदाच एक सबंध वाक्य बोलल्या.

"मागच्या वेळी गेलात, तेव्हा बरीच माणसं आली होती."

काकांनी सवयीने ते वाक्य मनात तपासलं. दुरुस्त करण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.