भर दुपारी दिवा

भर दुपारी, लख्ख उजेडात, जोगळेकरकाका सायकलचा दिवा पेटवून रायस्वाइक या डच शहराच्या बाजारात फिरायचे. मी त्यांच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातातली पत्रकं गळून पडली.

सुनंदाकाकू गेल्यानंतर काकांनी डायोजेनिस धरला. हा जुना ग्रीक तत्त्वज्ञ रांजणात राहायचा. सम्राटाने काय हवं विचारलं, तर म्हणाला, माझं ऊन अडवू नकोस. काका घरातल्या एकेका वस्तूकडे बोट दाखवून विचारू लागले, "याच्याशिवाय अडतं का?" अडत नसे. वस्तू फुटपाथवर जाई. इथे नको ते बाहेर ठेवायचं, हवं त्याने न्यायचं. सोफा गेला, पलंग गेला. मालमत्ता हीच गुलामी, असं छापून वाटणारा मी. मला भरून आलं. मग एके सकाळी माझी खुर्ची गेली. मालमत्तेविरुद्धचं ते पत्रक मी उभ्याने पूर्ण केलं.

रस्ता अडतो म्हणून नगरपालिकेचा माणूस आला. काका पायरीवरून म्हणाले, बाजूला व्हा, माझं ऊन अडवताय. पाऊस भुरभुरत होता. तो बिचारा आभाळाकडे बघत खरंच बाजूला झाला.

नंतर हा दिवा आला. काका म्हणाले, "डायोजेनिसही दिवसा दिवा घेऊन प्रामाणिक माणूस शोधायचा." या ढोंगी समाजाला चपराक म्हणून मी त्यावर झणझणीत पत्रक लिहिलं आणि त्यांना दाखवायला मागोमाग निघालो. ते स्टेशनच्या सायकलतळावर सापडले. गुडघ्यांवर बसून, एकेका सीटखाली दिवा धरत. मी हादरलोच.

"काकूची सायकल शोधतोय रे," ते म्हणाले. "सामानाबरोबर मीच बाहेर ठेवली. तेव्हा वाटलं, अडत नाही."

पन्नाशीत काकू इथे सायकल शिकल्या होत्या. काका कॅरिअर धरून मागे धावायचे. दसऱ्याला सायकलची पूजा करून काकूंनी नेलपॉलिशने स्वस्तिक काढलं. इथे लोक भलताच अर्थ काढतील म्हणून काकांनी ते सीटखाली काढायला लावलं होतं.

पत्रक मी खिशात घातलं. त्या दिवसापासून मीही वाकू लागलो.

सायकल सापडली ती बागेत. शहरात नवीन आलेली एक बाई तिच्यावरून पुन्हापुन्हा पडत होती. ती उठेपर्यंत काकांनी आडव्या सायकलच्या सीटखाली दिवा धरला. लाल नेलपॉलिश. काका तिथेच बसले.

"सांगा ना तिला, तुमची आहे," मी कुजबुजलो. माझा आवाज चढायला लागला होता. "हक्काची आहे."

"गप," काका म्हणाले.

त्यांनी हातातला दिवा हँडलवरच्या रिकाम्या खाचेत बसवला. तो तिथलाच होता. बाईला खुणेने बसवलं, कॅरिअर धरलं आणि या वयात धावायला लागले.

"पुढे बघ. मी धरलंय."

तिला मराठी येत नव्हतं. ती पुढे बघत राहिली. काकांचा हात कधीच सुटला होता; ते तरी धावतच होते.