साहेब डूख धरून बसलेत

आधीच सांगते, मी चौथीपर्यंतच शिकले. ऱ्हस्व-दीर्घ चुकतील, आणि अक्षर तर माझं पहिल्यापासून सरपटतं. मुलाच्या ऑफिसच्या पाठकोऱ्या कागदांवर पेन्सिलीनं लिहितेय, म्हणजे खोडता येतं. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. तसंही ज्यांच्याबद्दल लिहायचंय त्यांच्या घरी साप आहे, तेव्हा सरपटतं अक्षर शोभूनच दिसेल.

आमच्या शेजारचे नाना वानखडे त्या सापाला 'साहेब' म्हणतात. नुसतं म्हणत नाहीत. त्याच्या खोलीत जाताना दारावर टकटक करतात, टोपी काढतात आणि विचारतात, "येऊ का सायेब?" सापाला कान नसतात हे त्यांच्या सुनेनं, स्नेहलनं, त्यांना सांगून पाहिलं. नाना म्हणाले, "आमच्या डेपो मॅनेजरलेबी नव्हते. पन विचारा लागते."

नाना जन्मभर अकोल्याच्या बस डेपोत कंट्रोलर होते. आता मुलाकडे, इथे अमेरिकेत ट्रॉयला असतात. पण डेपो काही सुटला नाही. साप बिळातून बाहेर आला की "गाडी फलाटावर लागली", परत गेला की "गाडी डेपोत". बर्फात गोठवलेला उंदीर कोमट पाण्यात ठेवून त्याला दिला की "डिझेल भरलं".

साप त्यांच्या नातीचा, सईचा. अजगराची बारकी जात, दोन-अडीच हात लांब, विष नाही. शाळेत असताना तिनं हट्टानं आणला आणि नाव ठेवलं नूडल. नानांना ते पटलं नाही. "खायच्या वस्तूचं नाव जित्या जिवाले कायले?" गेल्या ऑगस्टात सई ॲन आर्बरला कॉलेजला गेली, साप काचेच्या पेटीसकट नानांच्या गळ्यात पडला. गळ्यात म्हणजे खरोखरच. बऱ्याचदा तिथेच असायचा.

मला चारचौघांत बोलायला जमत नाही. मुलगा-सून कामाला गेले की मी घरांमागच्या तळ्याला एक चक्कर मारते, आणि नाना बरोबर येतात. त्यांच्याबरोबर चालणं सोपं, कारण बोलायचं काम ते एकटेच करतात. वाटेत जो दिसेल त्याला नमस्कार. माणूसच असायला हवा असंही नाही. कोपऱ्यावरच्या पत्रपेटीला ते रोज "नमस्कार पाटील" म्हणायचे. एकदा कुणाच्या तरी अंगणातल्या बर्फाच्या माणसाला त्यांनी "घरी सगळे बरे?" म्हणून विचारलं, आणि उत्तर आलं नाही म्हणून दुपारपर्यंत फुगून बसले. आमच्याकडे चहाला आले की किटलीतला अर्धा चहा बशीत ओतायचे आणि म्हणायचे, "चहा बशीतलाच खरा." मला वाटायचं, गमत्या माणूस आहे.

नाताळ उलटला आणि साहेबांचं काहीतरी बिनसलं. मनगटाला घड्याळाच्या पट्ट्यासारखा गुंडाळून बसणारा साप पेटीत हात गेला की मान मागे खेचायचा, फुस्स करायचा आणि काचेवर धडक मारायचा. एक दिवस नानांच्या हाताला चावलाच. चार टोचे, बाभळीच्या काट्याएवढे. नानांनी त्यावर क्रिकेटच्या ग्लोव्हएवढं बँडेज बांधलं आणि सुनेला सांगितलं, दार लागलं.

स्नेहल मग माझ्यासमोरच त्यांना म्हणाली, "बाबा, दाराला दात कधीपासून आले? हे बघा, संडेला तो जाणार. पेट शॉपवाल्याशी बोललेय मी. आणि सईला आत्ता काही सांगू नका, तिची एक्झाम आहे."

"तो असा नाई वं. त्याचा मूड जरा..."

"हल्ली तुमचाही तसाच आहे. काल मी खुर्ची इकडची तिकडे ठेवली तर केवढे खेकसलात माझ्यावर!"

दुसऱ्या दिवशी तळ्याशी नानांनी मला कारण सांगितलं. "डोकं तापलं त्याचं, ताई. उष्णता. मे महिन्यात अकोल्यात शहाना मानूसबी चावते."

बाहेर गुडघाभर बर्फ होता. नानांनी घरी जाऊन पेटीवरचा गरम दिवा बंद केला, टॉवेल ओला केला, त्यावर अकोल्याहून आणलेलं वाळ्याचं अत्तर शिंपडलं आणि पेटीभोवती लावला. खोलीला कूलर लावल्यासारखा वास सुटला. साहेब वेटोळं घालून पेटीतल्या बिळात गेले आणि तिथूनच फुसफुसू लागले.

मग नानांनी दुसरं कारण काढलं. हे सांगताना त्यांनी आवाज खाली आणला. "ताई, त्यानं डूख धरला."

"तुमच्यावर? काय केलंत तुम्ही?"

"आमच्या डेपोत एक साप निघाला होता. मेकॅनिक लोकायनं मारला. मी फक्त वहीत लिवलं, 'साप, मयत.' सही माही हाय."

"अहो नाना, तो अकोल्याचा साप. हा इथल्या दुकानातला."

"सापाले काय ताई, व्हिसा लागते?"

आणि ते खरंच पेटीसमोर उभे राहून माफी मागायचे. सही माझी होती, पण काठी माझी नव्हती, असं काहीतरी.

शनिवारी दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं. सई रोज फोन करायची, तोंड दिसतं तसला फोन. करायची सापासाठी. नाना काचेला फोन लावून धरायचे, ती सापाशी पाच मिनिटं इंग्रजीत लाडीगोडी करायची, मग "थँक्स आजोबा, बाय!" एवढाच नानांचा वाटा. आज बँडेजच्या हातात फोन राहत नव्हता, आणि तो दिसायलाही नको होता. मी फोन धरायचा, पेटीवर चादर टाकायची, साहेब झोपलेत म्हणायचं, असं ठरलं.

तसला फोन मी जन्मात धरला नव्हता. माझा अंगठा कुठे लागला कोण जाणे, चित्र फिरलं आणि चादरीऐवजी माझ्या बाजूला उभे असलेले नाना दिसायला लागले.

"आजोबा! हाताला काय झालं? ओ माय गॉड, नूडल चावला?"

नानांनी हात पाठीमागे नेला. "सायेबानं डूख धरला, बेटा."

"डूख म्हणजे?"

"म्हंजे मनात धरून बसनं. लय वर्सं."

"आजोबा, त्याच्या ब्रेनमध्ये एवढी जागाच नाही! त्याला कालचं जेवणही आठवत नसेल. चादर काढा. डोळे कसे आहेत त्याचे? ढगाळ झालेत?"

नानांनी चादर ओढली आणि काचेला नाक टेकवून पाहिलं. "नाई. एकदम बराबर. नेहमीसारखे."

मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. मला मध्ये बोलायची सवय नाही, पण तोंडून निघून गेलं. "नाही गं सई, पांढरे आहेत. ताकाचे थेंब असावेत तसे."

सई हसायलाच लागली. "मग शेडिंग आहे! कात टाकायच्या आधी डोळ्यांवर सायीसारखं येतं. त्याला राग नाही आला आजोबा, त्याला दिसत नाहीये. समोर काय येतंय कळत नाही म्हणून घाबरतो, म्हणून चावतो. आणि दिवा का बंद आहे? त्याला ऊब लागते! तुम्ही उंदीर धरून मग हात धुतले होते?"

"नॅपकिनले पुसले."

"आजोबा!! त्याला वाटलं उंदीरच आला! दिवा लावा आत्ताच्या आत्ता. ओला टॉवेल राहू दे फक्त, त्यानं कात नीट निघते."

"पाहा," नाना माझ्याकडे वळून म्हणाले, "मी म्हन्लंच होतं." माझ्याकडे म्हणजे, दाराला अडकवलेल्या माझ्या कोटाकडे.

सईचं हसू थांबलं. "आजोबा, एवढे पांढरे डोळे तुम्हाला दिसले नाहीत?"

"दिसले ना. मले सगळ्यायचेच तसे दिसतात."

मग सई म्हणाली, "आजी, फोन जरा वर घ्या. सापावर नको. आजोबांच्या डोळ्यांवर."

मी फोन वर धरला. इतके महिने बरोबर चालले, पण मान वर करून मी त्यांच्या डोळ्यांत कधी पाहिलंच नव्हतं. दोन्ही बुबुळांवर साय होती. पाटील, तो बर्फाचा माणूस, बशीतला चहा, हललेली खुर्ची, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं.

"पोराले सांगू नका, ताई," नाना माझ्या कोटाला हळूच म्हणाले. "ऑपरेशनले मले अकोल्याले धाडतील. इथं लय पैसा लागते. मंग सायेबाले फोनवर कोन दाखवन? आन् सायेब नसले त पोरगी फोन कायले करन?"

फोन माझ्या हातातच होता. चालू होता.

सई रविवारी परीक्षेची पुस्तकं घेऊन स्वतः गाडी चालवत आली. पेट शॉप कॅन्सल झालं. चार दिवसांनी साहेबांनी कात टाकली, शेपटीपर्यंत अखंड. डोळ्यांच्या जागी दोन बारीक पारदर्शक काचा होत्या. नानांनी त्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "जुना चष्मा." साप पुन्हा त्यांच्या मनगटावर येऊन बसला. डूखबिख काही नाही.

नानांच्या डोळ्यांचं मुलानं इथेच करून घेतलं. पट्टी निघाल्यावर ते आमच्याकडे चहाला आले. माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

"ताई, तुमचे केस पांढरे हायत?"

"हो की."

"मी समजत होतो, बर्फ हाय."

चहा त्यांनी कपात नीट ओतला, एक थेंब सांडला नाही. मग बशीत ओतून घेतला. तळ्याच्या वाटेवर पत्रपेटीपाशी थांबले, तिला पुढून-मागून बघितलं, आणि टोपीला हात लावला. "नमस्कार पाटील. इतक्या दिवसांची वळख, आता कशी तोडू?"

सईचा फोन अजून रोज येतो. नानांचा हात बरा झालाय, तरी फोन धरायला मला बोलावतात, आणि मी जाते. काल ती कॉलेजचं, मैत्रिणींचं, भात करपल्याचं सांगत बसली, नाना मध्ये मध्ये अकोल्याचं सांगत होते, आणि "बाय" झाल्यावर आमच्या लक्षात आलं की सापाचा विषयच निघाला नाही.

नाना उठले, सापाच्या खोलीशी गेले, टोपी काढली आणि दारावर टकटक केली.

"येऊ का सायेब? आज तुमची चौकशी राहून गेली. डूख धरू नका."