कंस मिटेना

सुतारकीतून माणूस निवृत्त होतो, सवयीतून होत नाही. बाबांचंही तसंच. हलणारी वस्तू दिसली की तिला सरस लावायचा, हा त्यांचा धर्म. (माजघराच्या खिडकीला त्यांनी तो इतका मनापासून लावला होता की ती आता उघडत नव्हती, पण हलतही नव्हती.) त्या सकाळी सूनबाईच्या कीबोर्डवरची धूळ पुसताना वरच्या ओळीतलं एक बटण खुळखुळलं. बाबांनी थेंबभर सरस सोडला, वर अंगठा दाबून धरला आणि जगातलं एक काम मार्गी लागल्याच्या समाधानाने ते चहाला गेले.

थोड्या वेळाने सूनबाई कामाला बसली. तिचे ग्राहक पडद्यावर येणार होते. त्यांच्यासमोर प्रोग्राम लिहून चालवून दाखवायचा. पसंत पडला तर वर्षभराचं काम तिचं. तिने सरावाला चार ओळी टाइप केल्या, एंटर दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. कर्सर एक ओळ खाली उतरला आणि लुकलुकत बसला.

"हँग झालाय," नवरा म्हणाला. "बंद करून चालू कर."

केलं. तेच.

"एंटर जरा जोरात दाब."

"दार आहे का ते, ढकलायला?"

"मग इंटरनेट असेल." (कारण सापडेना की हा इंटरनेटवर येऊन थांबे. एकदा नळ कोरडा होता तेव्हाही.)

सूनबाईने पडद्याला नाक लावलं. "अरे, कंस उघडलेत ढीगभर, मिटला एकही नाही."

"त्याने काय होतं?" बाबांनी विचारलं.

"बाबा, ही लिस्प भाषा. हिच्यात उघडलेला प्रत्येक कंस मिटावा लागतो. तोवर यंत्राला वाटतं, समोरच्याचं बोलणं संपलेलं नाही. ते वाट बघत बसतं."

"गुणी आहे," बाबा स्वयंपाकघराकडे बघत म्हणाले. "बोलणं संपायची वाट बघणं सोपं नसतं."

"मला ऐकू येतंय," आतून आई म्हणाल्या.

"मिटणारा कंस शून्याच्या बटणावर असतो, शिफ्ट धरून दाबायचा, आणि हे बटण तर दाबलंच जात नाही. जणू कोणी..." सूनबाईने वाकून वास घेतला. "बाबा."

"खुळखुळत होतं गं, बाळ."

बाबांनी पटाशी आणली. बटण निघालं, नुसतं निघालं नाही, उडून कपाटाखाली गेलं. मागे उरलं एक बारीक भोक. जादा कीबोर्डला नवऱ्याने मागेच चहा पाजला होता, आणि ग्राहक यायची वेळ झाली होती. नवऱ्याने भोकात आगकाडी टोचून पाहिली. पडद्यावर शून्य उमटलं.

म्हणून ग्राहक आले तेव्हा बाबा टेबलाआड उकिडवे बसले होते, हातात काडी घेऊन. सूनबाई टाइप करी, शिफ्ट दाबून धरी आणि ओठ न हलवता म्हणे, "बाबा, दोन." बाबा चष्मा सावरत, भोक हेरत, मग टोचत. घाईने काम बिघडतं, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

शेवटच्या ओळीला ती पुटपुटली, "पाच."

बाबांनी चार टोचले आणि त्यांना शिंक आली. काडी मोडली. यंत्र वाट बघत राहिलं, ग्राहक वाट बघत राहिले, सूनबाईचं शिफ्टवरचं बोट पांढरं पडलं. बाबांनी कानामागे खोचलेली दुसरी काडी सावकाश काढली, तिचं टोक निरखलं, आणि टोचली.

उत्तर आलं. बरोबर आलं.

"काम आपल्याला मिळालं," ग्राहक गेल्यावर सूनबाई खुर्चीत कोसळत म्हणाली. "एकच तक्रार आहे त्यांची. प्रोग्राम उत्तम, पण प्रत्येक ओळीच्या शेवटी फार रेंगाळतो म्हणे."

बाबा गुडघ्यावर हात टेकून उठायच्या प्रयत्नात होते. आई दारात आल्या.

"त्यांना कळव, ती खोट दुरुस्त होत नाही," त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून मी वाट बघतेय."