ताठ कानांची पिशवी

"दाजी, ग्रेव्ही वाढताना हात असा हलवू नका. ढाल जिंकणाऱ्याचा हात असा असतो, बघा," असं म्हणून ट्रेव्हरनं आपला हात टेबलावर आडवा धरून दाखवला. त्याच क्षणी मॅल्कम ॲक्रॉइडनं मनाशी ठरवलं की या मेहुण्याचं नाक एकदा ठेचायचंच.

ट्रेव्हर म्हणजे मॅल्कमच्या बायकोचा, ग्लेनिसचा, धाकटा भाऊ. टेकडीपलीकडच्या हॉर्नबेकला राहायचा. वर्षभरापूर्वी त्यानं बेंचरेस्ट नेमबाजी सुरू केली होती. म्हणजे बाकाशी बसायचं, एअर रायफलचं तोंड टेकूवर आणि मागचा लाकडी दस्ता पिशवीवर ठेवायचा आणि पंचवीस मीटरवरच्या कार्डावरची बारीक बारीक वर्तुळं एकेका छर्ऱ्यानं फोडायची. ऐकायला सोपं वाटतं. तसं बायकोशी न भांडता चहा पिणंही ऐकायला सोपंच वाटतं. तर या ट्रेव्हरनं पहिल्याच वर्षी आमच्या खोऱ्याची नवशिक्यांची ढाल पटकावली आणि तेव्हापासून दर रविवारी जेवणात भाजलेल्या मांसाबरोबर तिचं पुराण सुरू झालं. एकदा तर तो ढालच घेऊन आला आणि मिठाच्या डबीला टेकवून तिच्याकडे बघत जेवला.

"बसून काय, कुणीही मारेल," मॅल्कम म्हणाला.

"मग बसा की! नवशिक्यांत दोन वर्षं खेळता येतं. मी यंदाही आहे. पण सामान निवडायला डोकं लागतं हो दाजी. माझी मागची पिशवी जर्मनीहून आलीय, माहितीय ना?"

"ट्रेव्हर, मटार घे," ग्लेनिस म्हणाली.

मॅल्कमबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. त्यानं जन्मभर खोऱ्यातली बस चालवली, पण कधी कुणाला काही विचारलं नाही. तसे आम्ही यॉर्कशरचे पुरुष सगळेच त्या बाबतीत ताठ, पण मॅल्कम म्हणजे कळस. एकदा रस्ता खचला म्हणून त्याला बस वळवावी लागली. फाट्यावर मेंढपाळ उभा होता. मॅल्कमनं त्याला हात केला, पण रस्ता काही विचारला नाही. बाजाराला निघालेल्या बायकांना दुपारी समोर समुद्र दिसला! त्यांनी आईस्क्रीम खाल्लं, पाय भिजवले आणि संध्याकाळी घरी आल्या. मॅल्कम आजही म्हणतो की तो मुद्दामच त्या वाटेनं गेला होता.

असा माणूस नेमबाजीचं सामान निवडायला आमच्या क्लबात आला. आमचा क्लब म्हणजे बॅरी टनिक्लिफच्या शेतावरचं कोठार. पुढची भिंत काढलेली, आत बाकं, कोपऱ्यात किटली. बॅरी आमचा कप्तान. नवा माणूस दिसला की आम्हा सगळ्यांच्या अंगात मास्तर संचारतो. एक म्हणाला स्प्रिंगची रायफल घे, दुसरा म्हणाला स्प्रिंगची घेण्यापेक्षा गलोल घे, आधी हवा भरून ठेवायची तीच खरी. तिसरा म्हणाला रायफल कसलीही चालेल, सगळा खेळ छर्ऱ्यांचा. मॅल्कम प्रत्येकाला "अर्थातच" म्हणत मान डोलवत होता. त्याला कळत काहीच नव्हतं.

रायफल चांगली मिळाली, कारण ती बॅरीनं स्वतःच दुकानात जाऊन त्याच्या हातात ठेवली. दुर्बीण मात्र मॅल्कमनं आपल्या मनानं घेतली. दुकानातली सगळ्यात मोठी! पहिल्या दिवशी तो बराच वेळ तिच्यातून बघत बसला आणि म्हणाला, "कार्ड छान पांढरं आहे." कार्ड लावलंच नव्हतं. तो समोरच्या टेकडीवरच्या मेंढीच्या पाठीकडे बघत होता.

मग छर्रे. त्यानं मोठ्या डब्यांची चळतच आणली. पहिला छर्रा नळीत घातला आणि नळी जरा खाली झुकवली, तर तो घरंगळत पुढून बाहेर पडला आणि त्याच्या बुटावर टपकला. रायफल मोठ्या मापाची, छर्रे लहान मापाचे.

"माप बघून घ्यायचं होतंस ना रे," बॅरी म्हणाला.

"हे रायफलसाठी नाहीतच," मॅल्कम शांतपणे म्हणाला. "हे ग्लेनिसला पाहिजे होते. पडद्यांच्या काठात वजनाला."

आता बोलून बसल्यावर ते घरी नेणं आलं. ग्लेनिसनं सगळे डबे एकही प्रश्न न विचारता शिवणाच्या कपाटात ठेवले. आमच्या गावात ग्लेनिससारखं शिवणारं कुणी नाही. चर्चच्या बाजारासाठी ती कापडी प्राणी करते, आणि मागच्या नाताळात तिचं गाढव मिळावं म्हणून दोन सभ्य बायकांमध्ये ओढाताण झाली होती.

आता राहिली फक्त मागची पिशवी.

"मागची पिशवी सशाच्या कानांची घे," बॅरीनं सांगितलं. "कान चांगले ताठ हवेत. पिशवी जड हवी, पण दाबली तर दबायला हवी. कळलं ना?"

"अर्थातच."

आता आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे की सशाचे कान म्हणजे पिशवीच्या माथ्यावरचे दोन चामडी उंचवटे. त्यांच्या मधल्या खाचेत रायफलचा दस्ता बसतो. कानांसारखे दिसतात म्हणून आपले कान म्हणायचे. पण मॅल्कमला हे कुणी सांगितलं नाही, कारण त्यानं कुणाला विचारलं नाही. तो घरी गेला आणि चहा घेता घेता म्हणाला, "ग्लेनिस, मला एक सशाच्या कानांची पिशवी शिवून हवीय. स्पर्धेला."

ग्लेनिसनं चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "सशाच्या कानांची?"

"हो. कान ताठ. अंगानं जड. दाबला तर दबायला हवा."

"बरं. आणखी काही सांगायचंय? काही विचारायचंय?"

"छे. मला सगळं माहितीय."

"मग झालं तर," ग्लेनिस म्हणाली आणि तिनं मशीनवरचं झाकण काढलं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी पिशवी तयार झाली. राखाडी ससा! कान ताठ, आतून चामड्याचे. डोळे बटणांचे, त्यातलं एक जरा मोठं, त्यामुळे ससा सतत कुणाचा तरी संशय घेतोय असं वाटायचं. गुलाबी नाक, रेशमी धाग्यांच्या लांब लांब मिशा, गळ्यात क्लबच्या रंगाचा मफलर, पोटात मक्याचे दाणे आणि तळाशी ते चुकलेले छर्रे. टेबलावर ठेवला की जागचा हलेल तर शपथ.

मॅल्कमनं तो सगळ्या बाजूंनी फिरवून बघितला. मनात पाल चुकचुकली. पण कप्तानानं ससा सांगितला होता, आणि बायको इतक्या कौतुकानं उभी होती की काही विचारायची सोय नव्हती. त्यानं रायफल आणून दस्ता दोन कानांच्या मध्ये ठेवला. जणू मापच घेऊन शिवलं होतं.

"झकास," तो म्हणाला.

स्पर्धा हॉर्नबेकच्या क्लबात, म्हणजे ट्रेव्हरच्या घरच्या मैदानावर; तिथंही आमच्यासारखंच कोठार. आम्ही सगळे गेलो. ग्लेनिसनं आपलं अख्खं शिवणमंडळ आणलं होतं. चहाच्या टेबलाशी त्या बायका ओळीनं उभ्या राहिल्या आणि माना उंच करून बघायला लागल्या, कारण त्यांच्या ग्लेनिसची वस्तू आज स्पर्धेत उतरणार होती.

मॅल्कमनं आपल्या बाकावर झोळी उघडली आणि ससा काढून ठेवला. मग त्यानं इकडेतिकडे बघितलं. प्रत्येक बाकावर एक छोटी, मळकट चामडी उशी, आणि तिला दोन बुटके उंचवटे. कुठं नाक नाही, कुठं मिशी नाही. मॅल्कमचे स्वतःचे कान लालबुंद झाले.

आधी एक जण हसला, मग सगळं कोठार. ट्रेव्हर शेजारच्याच बाकावर होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"दाजी! अहो, हे काय? कुणाचं पोर रडतंय का घरी खेळण्यासाठी?"

बॅरी धावत आला आणि हळूच म्हणाला, "मॅल्कम, माझ्याकडे जादा पिशवी आहे. घे. बायकोचा घोटाळा झाला म्हणून सांग. कुणी काही म्हणणार नाही."

वाट अगदी सोपी होती. मॅल्कमनं चहाच्या टेबलाकडे बघितलं. ग्लेनिस तिथं किटली हातात धरून उभी होती. ती हसत नव्हती, त्याच्याकडे बघत होती. खरं सांगतो, ढाल जाऊ दे खड्ड्यात, हा माणूस आता काय बोलतो?

मॅल्कम उठून उभा राहिला. बसमध्ये मागच्या सीटवरच्या पोरांवर ओरडायचा त्या आवाजात म्हणाला, "ही माझी पिशवी आहे. माझ्या बायकोनं शिवलीय. कुणाला काही म्हणायचंय?"

शिवणमंडळानं टाळ्या वाजवल्या. ग्लेनिसनं भरलेल्या कपात आणखी चहा ओतला आणि तो बशीत सांडला.

"मला म्हणायचंय," ट्रेव्हर म्हणाला. "माझी हरकत आहे. हे नियमात बसत नाही!"

पंच होत्या मिस डनिंग. त्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, आणि ट्रेव्हर त्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्या सशापाशी आल्या, त्यांनी तो उचलला, पोट दाबलं, कान ओढून बघितले.

"नियमात लिहिलंय, पिशवीला कान चालतील. नाक चालणार नाही असं कुठं लिहिलंय, ट्रेव्हर?"

"पण बाई, त्याला शेपूट आहे!"

"शेपूट तुझ्या बाकाला लागतंय का? नाही ना? मग खाली बस. मफलर मात्र काढा, मिस्टर ॲक्रॉइड. पिशवीला लोंबतं काही नको."

मफलर मॅल्कमनं स्वतःच्या गळ्यात घातला.

स्पर्धा सुरू झाली. हॉर्नबेकचा वारा म्हणजे महा लबाड. मैदानावर वाऱ्यासाठी छोटी निशाणं लावलेली असतात. सगळे त्यांच्याकडे बघून चाप ओढतात. पण त्या दिवशी वारा आधी कोठाराच्या कोपऱ्यावरून वळून बाकांवर यायचा आणि मग मैदानात उतरायचा. निशाणं हलेपर्यंत छर्रा जाऊन चुकलेला असायचा. मॅल्कमला निशाणं वाचता येतच नव्हती, आणि ती कशी वाचायची हे त्यानं विचारलंही नव्हतं. त्याच्या गालाखाली फक्त सशाच्या मिशा होत्या. त्या थरथरल्या की तो थांबायचा. स्थिर झाल्या की चाप. थरथरल्या की थांबायचा, स्थिर झाल्या की चाप. ससा जागचा तसूभर हलत नव्हता, पोटातले छर्रे वाया गेले नव्हते.

आणि ससा ट्रेव्हरकडे बघत होता! मोठ्या बटणाचा डोळा नेमका त्याच्या बाजूला. ट्रेव्हरनं दोनदा नेम सोडला, तिसऱ्यांदा ओरडला, "बाई, तो माझ्याकडे बघतोय!"

"तू कार्डाकडे बघ," मिस डनिंग म्हणाल्या.

निकाल लागला. मॅल्कम पहिला, ट्रेव्हर एका गुणानं मागे. आम्ही असे ओरडलो की टेकडीवरच्या मेंढ्या पलीकडे पळाल्या. "कानामागून आला आणि तिखट झाला रे!" बॅरी ओरडत होता. शिवणमंडळानं ससा डोक्यावर घेतला. मॅल्कमनं ढाल घेतली, सरळ चहाच्या टेबलाकडे गेला आणि ती ग्लेनिसच्या हातात दिली. मग त्यानं मफलरनं नाक पुसलं.

परतताना गाडीत ससा ग्लेनिसच्या मांडीवर होता आणि ढाल सशाच्या मांडीवर. बरंच अंतर गेल्यावर मॅल्कम खाकरला.

"ग्लेनिस, एक विचारू?"

ग्लेनिसनं आधी रस्त्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "तुला बरं आहे ना?"

"तुला माहीत होतं का? सशाचे कान म्हणजे नुसतेच कान, ससा नाही, म्हणून?"

"माहीत नसायला काय झालं? ट्रेव्हरची पिशवी कुणी शिवली?"

"ती तर जर्मनीहून आलीय."

"माझ्या जुन्या तपकिरी हँडबॅगच्या चामड्यातून आलीय ती. तळाशी क्लिपचं भोक अजून आहे. कुणाला सांगू नकोस म्हणून माझ्या पाया पडला होता तो."

मॅल्कमचा फाटा चुकला. "मग मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठं?" ग्लेनिस म्हणाली. "म्हटलं, नाक लावलं तर विचारेल. मग मिशा लावल्या. मग शेपूट लावलं. मफलर विणतानासुद्धा वाट बघत होते. शेवटी म्हटलं, जाऊ दे, बिचारा ससा तरी पुरा होऊ दे. पण आज सगळ्यांसमोर तू जे बोललास ना, त्यासाठी मी अजून दहा ससे शिवेन."

मॅल्कम हसायला लागला तो थांबेचना. मग गाडी एका अनोळखी चौकात उभी राहिली, आणि कुत्र्याला फिरवणाऱ्या एका म्हाताऱ्याला त्यानं काच खाली करून घरचा रस्ता विचारला. हे ग्लेनिसनं स्वतः आम्हाला सांगितलं, तेव्हा विश्वास ठेवावाच लागतो.

पुढच्या रविवारी ट्रेव्हर जेवायला आला. ढाल मिठाच्या डबीला टेकवलेली होती आणि रिकाम्या खुर्चीवर ससा बसला होता. ट्रेव्हर खाली मान घालून बटाटे खात होता. मॅल्कमनं ढालीचा एक शब्द काढला नाही. त्यानं मेहुण्याच्या ताटात ग्रेव्ही वाढली. हात जराही हलला नाही.

"ट्रेव्हर," तो प्रेमानं म्हणाला, "तुझ्या त्या जर्मन पिशवीला तळाशी क्लिपचं भोक आहे ना? ग्लेनिस बुजवून देईल हो. विचारून बघ."