वाऱ्याची एकच दिशा

फसली १३५४, म्हणजे इसवी १९४४ सालच्या कार्तिकात निजामाच्या मुलुखातल्या आमच्या धान्यवसुलीच्या, लेव्हीच्या चौकीत हैदराबादेहून तार आली. बंगालच्या उपसागरात तापलेल्या पाण्यावर एक वादळ तयार झाले असून ते मच्छलीबंदरला किनारा ओलांडून पूर्वेकडून आपल्या मुलुखात दाखल होत आहे, असे तारेत म्हटले होते. चौकी म्हणजे येरमाळ्याच्या शिवेवरच्या आमच्या गावातली पत्र्याची एक खोली. तिच्यात चौकीचे मुख्य अधिकारी, मोहतमीम श्रीमंतराव, बसत आणि त्यांचा नकलनवीस म्हणून मी बसे. साहेबांनी तार दोनदा वाचली, टोपी सरळ केली आणि विचारले, "दाखल होत आहे? कोणाच्या परवानगीने?"

या प्रश्नाला तारेत उत्तर नव्हते. म्हणून वादळाची रीतसर नोंद करायचे ठरले. धान्याच्या बैलगाडीसाठी एक छापील नमुना होता, तोच वापरला, कारण दुसरा नव्हता. नाव: नाही. वडिलांचे नाव: तपासावर. जन्मस्थान: खारे पाणी. बैलांची संख्या: निरंक. येण्याची दिशा: पूर्व. या शेवटच्या रकान्यावर साहेबांनी स्वतःच्या हाताने शिक्का मारला. शिक्का मारलेली गोष्ट साहेब कधी बदलत नसत, आणि या गुणाबद्दल त्यांना दोनदा शाबासकी मिळाली होती.

त्या वेळी गावातल्या गंगम्माची ज्वारीची रास खळ्यावर पडून होती. लेव्हीचे माप होईपर्यंत राशीवर ओल्या राखेचा सरकारी ठसा उमटवून ठेवायची रीत होती. ठसा मोडला की मालकाने स्वतःचेच धान्य चोरले असे समजत. माप घेणारा अंमलदार अकरा दिवसांपासून "आज येतोय" म्हणून निरोप पाठवत होता. तार आल्याचे कळताच गंगम्मा पदर खोचून चौकीत आली.

"साहेब, रास घरात घिऊ द्या. लेकरांचं वरसाचं खाणं हाय ते. पाऊस लागला तर मोड यितील."

"घरात गेलेले धान्य खाल्ले जाते, बाई," साहेब म्हणाले. "असा आमच्या खात्याचा अनुभव आहे."

तरी साहेब दयाळू होते. चौकीत एक सरकारी ताडपत्री होती. ती राशीच्या पूर्वेला उभी बांधण्याचा हुकूम त्यांनी दिला. उरलेल्या बाजू आणि वरचे आभाळ झाकणे हा अपव्यय झाला असता, कारण वारा पूर्वेकडूनच यायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा सुटला, तो उत्तरेकडून. साहेब बाहेर आले, त्यांची टोपी दक्षिणेला गेली, आणि ते म्हणाले, "हा तो वारा नव्हे."

तेवढ्यात दोन घोडेस्वार भिजून आले. एकाने कळंबची खबर आणली की तिथे वारा पूर्वेकडून आहे. दुसऱ्याने ढोकीची आणली की तिथे पश्चिमेकडून आहे. साहेबांनी बोटे मोजली. आमच्याकडे उत्तरेचा, कळंबला पूर्वेचा, ढोकीला पश्चिमेचा. म्हणजे वादळे तीन असून परवानगी एकालाही नाही. मी तीन नमुने भरायला घेतले.

दारात बिरदेव धनगर घोंगडी पिळत उभा होता. उमेदीत तो दोन वर्षे मच्छलीबंदरला गोण्या वाहायला गेला होता. तो म्हणाला, "तीन न्हाईत साहेब, एकच हाय. मधी पोकळ अन् भवती गरागरा वारा. वाऱ्याला पाठ करून हुबं ऱ्हावा. डावा हात जिकडं, तिकडं त्याचं बूड." त्याने उत्तरेला पाठ केली. डावा हात पूर्वेला ढोकी-कळंबच्या मधोमध गेला. "हितं यायलंय ते. घड्याळाच्या उलटं फिरतंय."

"सरकारी घड्याळाच्या उलटे?" साहेबांचा चेहरा उतरला. "लिहा, वादळ राजद्रोही आहे."

"कोमट दर्याची वाफ पिऊन मोठं हुतंय ते," बिरदेव सांगतच राहिला. "जमिनीवर आलं की उपाशी. दमतंय मग."

"उपाशी!" साहेब ताडकन उठले. "उपाशी आहे आणि धान्याच्या मुलुखात शिरते आहे! रेशनकार्ड आहे का त्याच्याकडे?"

बिरदेवाने माझ्याकडे पाहिले. मी टाक दौतीत बुडवला.

आणि मग वारा एकदम थांबला. पाऊस थांबला. डोक्यावर निळे आभाळ दिसले. साहेबांना भरून आले. "रेशनकार्ड विचारल्याबरोबर!" ते म्हणाले, आणि त्यांनी वादळ संपल्याचा अहवाल स्वाराच्या हाती लगोलग रवाना केला. ताडपत्रीही खात्यात जमा करून घेतली.

"साहेब, ही मधली पोकळी हाय," बिरदेव कळवळून म्हणाला. "आता उलट्या अंगानं यील. दक्षिणंकून."

"अहवाल गेला आहे," साहेब म्हणाले. "आता कसे येईल?"

गंगम्माने हे ऐकले आणि ती धावत खळ्यावर गेली. तिने ठशावरच पहिली पाटी भरली. शेजारच्या बायका आल्या, सुना आल्या, कुणी लुगड्याच्या ओट्यात ज्वारी भरली. वरचे दाणे ओले होते, आतले कोरडे होते. अर्ध्या तासात खळे रिकामे झाले, आणि खरं सांगतो, ते पाहून मला इतका आनंद झाला की नाचावंसं वाटलं.

मग दक्षिणेकडून ते आले. चौकीचे पत्रे उडाले, गावातली छपरे उडाली, तिन्ही नमुने उत्तरेला उडून इंग्रजांच्या हद्दीत गेले. परवानगीविना.

दुपारी साहेबांनी खळ्याची पाहणी केली. वादळ तर सकाळीच संपलेले, मग रास गेली कुठे? "घरात हाय, कणग्यांत झाकून," गंगम्मा म्हणाली. चोरी कबूल झाली. पंचनामा मी लिहिला: सकाळी वादळ संपल्यानंतर या गावी वारा सुटला नाही. तो कागद मांडीवर दोन्ही हातांनी दाबून लिहावा लागला, कारण वारा होता. छप्पर गेलेली चाळीस माणसे ओळीने आली. कुणी सही केली, कुणी अंगठा दिला. कुणाला घासलेटचा कोटा हवा होता, कुणाला घरी जायची घाई होती.

बिरदेवही आला. त्याने विचारले, "काय लिवलंय?" मी म्हणालो, "नेहमीचंच." त्याने अंगठा दिला.

एकट्या गंगम्माने अंगठा दिला नाही. "माझं छप्पर उडालं तवा मी जागी व्हते," ती म्हणाली. तिची ज्वारी दोन गाड्यांत भरून नेली. गाड्यांमागे तिची लेकरे वेशीपर्यंत चालत गेली. पंचनाम्यावर शेवटची सही माझी आहे. अक्षर सुरेख आले आहे आणि त्याची मला अजून लाज वाटते.

तुम्ही मघापासून हसताय, ठीक आहे. पण मागच्याच महिन्यात एका कागदाच्या तळाशी 'वाचले, समजले, मान्य आहे' याच्याखाली तुम्हीही सही केलीत. वर काय लिहिले होते, सांगता?